शाईचा भोग आणि लेखणीचा उपभोग

साधनाविषयी वाटणारा आनंद साध्याच्या आनंदाहून वेगळा असूनही निर्दोष असू शकतो काय, हा प्रश्न भारतीय धर्मविचारात अनेक निमित्तांनी उपस्थित झाला आहे. संन्याशाचा कमंडलू, वारकऱ्याची वीणा, याज्ञिकाची पात्रे यांच्या संदर्भात त्याची चर्चा करता येते. परंतु या वस्तूंना धर्मकार्याचे कवच आहे आणि त्या कवचामुळे प्रश्नाची धार बोथट होते. शाईच्या पेनाला असे कवच नाही. १९३८ साली लास्लो बिरो याने बॉलपेनचे पेटंट घेतले आणि पुढच्या काही दशकांत रोजच्या लेखनाचे जवळजवळ सर्व काम निबच्या पेनाच्या हातून गेले; मागाहून संगणकाने बॉलपेनचेही बरेचसे काम काढून घेतले. अशा काळात जो मनुष्य निबची पेने जमवितो, निळ्या शाईच्या सात-आठ छटा कागदावर ओढून त्यांतील एक निवडतो, ती भरण्यापूर्वी पेन धुऊन वाळवितो आणि लिहून झाल्यावर अक्षराच्या कडेला शाई कशी दाटली आहे हे निरखीत बसतो, त्याला गरजेची सबब पुढे करता येत नाही. गरज सरल्यावर जे उरते तेवढेच त्याच्याजवळ असते, आणि म्हणून अपरिग्रहाच्या दृष्टीने विचारावयाचा प्रश्न त्याला सरळ विचारता येतो.

अपरिग्रह म्हणजे जीवनधारणेला व साधनेला लागतील त्याहून अधिक वस्तूंचा स्वीकार न करणे. पातंजल योगसूत्रांत तो पाच यमांपैकी एक आहे, जैन परंपरेत पाच व्रतांपैकी एक. या कसोटीवर दुसरे पेनसुद्धा टिकणे कठीण, विसाव्याची तर गोष्टच नको. हौशी मंडळी यावर सहसा असे उत्तर देतात की पेन हे साधन आहे, चांगल्या साधनाने अक्षर सुधारते, लिहिताना मन स्थिर होते आणि सावकाश लिहिलेला विचार अधिक पक्व होतो. यांतील प्रत्येक विधानात काही तथ्य मानले तरी त्या सर्वांतून समर्थन निघते ते एका चांगल्या पेनाचे. दुसऱ्या पेनाचे निघत नाही आणि जांभळ्या शाईच्या बाटलीचे तर मुळीच निघत नाही. शिवाय साधन म्हणून साधनाचे जे स्वरूप असते तेच या समर्थनाला छेद देते. मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाने १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुख्य ग्रंथात हातोड्याचे उदाहरण घेऊन असे दाखविले की हत्यार नीट चालत असते तेव्हा वापरणाऱ्याचे त्याच्याकडे लक्षच नसते. ते कामात विरून जाते आणि मोडले किंवा अडले म्हणजेच वस्तू म्हणून नजरेत भरते. या दृष्टीने उत्तम लेखणी ती, जिची लिहिताना आठवणही राहत नाही. पेनाच्या हौशीला मात्र ती आठवण हवी असते. निब कागदावर किंचित खरखरते की नुसती घसरते, शाई ओली उतरते की कोरडी, याकडे त्याचे सतत अवधान असते, म्हणजे साधन विरून जाऊ नये अशीच त्याची इच्छा असते. महाराष्ट्रात खंडेनवमीला शस्त्रे व धंद्याची हत्यारे घासूनपुसून मांडतात, त्यांना हळदकुंकू वाहतात आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावीत नाहीत; वर्षभर कामात विरलेली वस्तू एक दिवस पाटावर ठेवून पाहण्याची ही रीत आहे. हौशी मनुष्याची खंडेनवमी रोजच चालू असते, आणि साधनाचा युक्तिवाद त्याने मागे घ्यावा हेच प्रामाणिकपणाचे होय.

युक्तिवाद मागे घेतल्यावर हाती उरतो तो आनंद नेमका कशाचा, हे पाहण्यासाठी वस्तूच्या जवळ जावे लागते. निबच्या पेनाची सारी करामत केशाकर्षणावर, म्हणजे अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जाण्याच्या गुणावर, चालते. निबच्या खाली फीड नावाचा जो खोबणीदार भाग असतो, त्यातून शाई पुढे झिरपते आणि तितकीच हवा उलट दिशेने टाकीत शिरते. हवा गेली नाही तर शाई अडते, जास्त गेली तर पेन गळते. हा तोल साधणारी रचना ल्यूइस वॉटरमन याने १८८४ साली पेटंट केली आणि तेव्हापासून खिशात ठेवता येईल असे भरवशाचे पेन व्यवहारात आले. निब पोलादाची असो वा सोन्याची, तिच्या टोकाला एका कठीण मिश्रधातूचा सूक्ष्म मणी जोडलेला असतो व त्या मण्यातून मधोमध चीर गेलेली असते. मण्याची घडण गोल असेल तर रेघ सर्व दिशांनी सारखी उमटते, ज्यामुळे रोमन लिपीचे काम भागते, पण तिरकस तासलेल्या बोरूने देवनागरीला जी जाड-बारीक ऐट येत असे ती जाते. म्हणून वळणदार मराठी अक्षराची आवड असलेले लोक चपट्या टोकाची निब शोधतात आणि तिचा काप रोमनच्या कापापेक्षा उलट दिशेला लागतो हे अनुभवाने शिकतात.

शाईची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. जुन्या पोथ्यांची शाई काजळी डिंकाच्या पाण्यात घोटून केलेली असे. तिच्यातील कोळशाचे कण पाण्यात विरघळत नाहीत, ते कागदावर थर होऊन बसतात आणि शतके टिकतात, पण फीडच्या खोबणीत अडकून पेन बंद पाडतात. हिरडा किंवा मायफळ आणि हिराकस यांची शाई प्रथम फिकट उतरून हवेतील प्राणवायूने काळी पडते आणि तिच्यातील आम्ल काही काळाने कागदालाच खाऊ लागते. आजची पेनाची शाई बहुतांशी पाण्यात विरघळलेल्या रंगद्रव्यांची असते, आणि बाटलीवर निळा एवढाच शब्द असला तरी आत अनेकदा दोन-तीन रंगद्रव्ये नांदत असतात. टीपकागदाच्या पट्टीवर अशा शाईचा एक थेंब टाकून पट्टीचे टोक पाण्यात बुडविले, तर थोड्याच वेळात थेंब फुटतो, निळा रंग मागे रेंगाळतो, गुलाबी पुढे धावतो आणि कडेला पोपटी झाक उरते. तीच शाई कमी शोषणाऱ्या कागदावर लिहिली की रेघेच्या शेवटी साचून गडद होते, काही शायांत वाळल्यावर लालसर धातूसारखी चमक येते, आणि स्वस्त वहीच्या कागदावर हे सारे नाहीसे होऊन फक्त तंतूंमधून पसरलेली फाटकी रेघ राहते. म्हणजे शाईचा रंग बाटलीत नसतो. निब, कागद, हाताचा दाब आणि वाळण्याचा वेळ यांच्या संयोगातून तो दर वेळी नव्याने घडतो. ज्याला हा संयोग पाहण्यात सुख वाटते त्याचे सुख इंद्रियांचे आहे यात शंका नाही, पण त्यात बुद्धीचाही वाटा मोठा आहे.

आता मराठी वाचकाने या ठिकाणी एका ग्रंथाची दखल घेतलीच पाहिजे. समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. वैराग्याचा उपदेश करणाऱ्या, संसाराची असारता दशकामागून दशक सांगणाऱ्या या ग्रंथात लेखनसामग्रीचे जे तपशील आले आहेत ते पाहून आजच्या पेनशौकिनालाही संकोच वाटावा. अक्षर वाटोळे, सरळ व मोकळे असावे, ओळी समान चालाव्यात, पहिल्या अक्षरासारखेच शेवटचे यावे, येथपर्यंत कोणताही पंतोजी सांगेल. पण रामदास पुढे जाऊन देशोदेशींचे बोरू आणावेत, ते नाना तऱ्हांचे व रंगांचे असावेत, टाक तोडण्याच्या निरनिराळ्या रीती अवगत असाव्यात, हिंगूळ म्हणजे पाऱ्यापासून होणारे तांबडे द्रव्य संग्रही असावे, अळिता म्हणजे लाखेचा तांबडा रंग पारखून घ्यावा, शाईचा साठा करून ठेवावा, असे सांगतात. संग्रह हा शब्द ते बिचकत वापरीत नाहीत. लिहून झालेल्या पोथीसाठी बासने, मेणकापडे, पेट्या आणि कुलपेसुद्धा त्यांनी मोजली आहेत. धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात रामदासांच्या हस्ताक्षरातील म्हणून जपलेली वाल्मीकिरामायणाची प्रत पाहिली, म्हणजे हा उपदेश नुसता सांगण्यापुरता नव्हता हे पटते.

एका विरक्ताला देशोदेशींचे बोरू कशासाठी हवेत, या प्रश्नाचे उत्तर त्याच समासातील दोन सूचनांत सापडते. पानाच्या चारही बाजूंना जागा सोडून मध्ये लिहावे, कारण कागदाच्या कडा झडणारच, त्या झडल्या तरी अक्षराला धक्का लागू नये, अशी एक सूचना आहे. दुसरी अशी की तारुण्याच्या भरात फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. अक्षर मध्यम आकाराचे असावे. दोन्ही सूचनांत लिहिणाऱ्याची दृष्टी आजच्या पानावरून उचलली जाऊन पुढच्या काळातील वाचकावर स्थिरावते, मग तो वाचक स्वतः लेखकच म्हातारा होऊन बसलेला का असेना. बोरूंचा संग्रह, हिंगूळ, अळिता हे सारे त्या अनुपस्थित वाचकाच्या वतीने केलेले आहे, आणि कुलूप आहे ते पोथीला, बोरूला नव्हे. येथे साधनाच्या आनंदाला मोकळीक आहे, मात्र त्याची मालकी साधन बाळगणाऱ्याकडे नाही. टीकाकारांनी या समासाला बहुधा व्यवहारचातुर्याचा उपदेश म्हणून बाजूला ठेवले आहे, ही उपेक्षा खटकण्यासारखी आहे. कारण संग्रह आणि वैराग्य एकाच माणसात कसे नांदतात, याचा इतका मूर्त दाखला मराठीत विरळा.

तथापि रामदासांचे उत्तर आजच्या हौशीला जसेच्या तसे लागू पडत नाही. त्याच्या पानाला बहुधा वाचकच नसतो, आणि जो असतो त्याला मुद्रित मजकूर अधिक सोयीचा वाटतो. म्हणून प्रश्न पुन्हा वस्तू बाळगण्याच्या वृत्तीपाशी येतो, आणि या बाबतीत सर्वांत बारकाईने विचार जैन आचार्यांनी केला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंवरून केलेली नाही. मूर्च्छा, म्हणजे वस्तूच्या ठायी चित्ताने घेतलेली गुंगी, हे माझे आहे या भावनेने आलेले बेभानपण, हाच परिग्रह असे तेथे म्हटले आहे. ही व्याख्या उदार आहे आणि धोक्याचीही आहे. उदार यासाठी की तिच्यानुसार शंभर पेने असलेला अपरिग्रही असू शकतो व एकाच पेनासाठी जीव टाकणारा परिग्रही ठरू शकतो. धोक्याची यासाठी की आपल्याला मूर्च्छा नाही असे प्रत्येकाला वाटत असते आणि मूर्च्छेचे लक्षणच असे की ती आलेल्याला तिची जाणीव नसते. बहुधा हा धोका ओळखूनच गृहस्थासाठी, म्हणजे श्रावकासाठी, केवळ वृत्तीवर विसंबून न राहता मोजमापाची व्रते सांगितली गेली.

समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात या व्रतांपैकी भोगोपभोग-परिमाण या व्रताचे विवेचन करताना एक भेद केलेला आहे, जो पेन आणि शाई यांना विलक्षण चपखल बसतो. एकदा उपभोगली की संपते ती वस्तू भोग, उदाहरणार्थ अन्न. पुनःपुन्हा वापरता येते ती उपभोग, उदाहरणार्थ वस्त्र. व्रत घेणाऱ्याने या दोहोंची मर्यादा स्वतःच ठरवावयाची असते, आणि ती जन्मभरासाठी असेल तर तिला यम व ठरावीक मुदतीसाठी असेल तर नियम म्हणतात. या वर्गीकरणाने पाहता शाई भोग आहे आणि पेन उपभोग आहे, आणि एकाच हौसेत दोन भिन्न नीतिप्रश्न शेजारीशेजारी बसले आहेत हे ध्यानात येते. पेनाचा धर्म टिकण्याचा आहे. ते जपावे, धुवावे, दुरुस्त करावे, वापरून वापरून त्याची निब मालकाच्या हाताच्या कोनाला सरावावी, यात त्याची सार्थकता आहे. शाईचा धर्म संपण्याचा आहे. बाटलीतील शाई अजून शाई झालेलीच नसते असे म्हटले तरी चालेल, कारण वर सांगितल्याप्रमाणे तिचा रंगदेखील कागदावर खर्च झाल्यावरच अस्तित्वात येतो.

येथे थोडे गणित करणे उपयुक्त ठरेल. पेनात बसणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे दट्ट्याने शाई ओढून घेणाऱ्या छोट्या नळीत, साधारणपणे पाऊण मिलिलिटर शाई मावते. ५० मिलिलिटरच्या एका बाटलीत ती सुमारे ६६ वेळा भरता येते. आठवड्याला एक नळी रिकामी करणारा मनुष्य आजच्या मानाने पुष्कळच लिहितो असे म्हटले पाहिजे, आणि त्यालाही एक बाटली संपवायला सव्वा वर्ष लागेल. त्याच्या कपाटात अशा ५० बाटल्या असतील, आणि हौशी लोकांत ही संख्या मुळीच नवलाची नाही, तर त्या संपवायला त्याला साठ वर्षांहून अधिक काळ लागेल. मधल्या काळात काही बाटल्यांतील पाणी उडून शाई घट्ट होईल, एखादीत बुरशी धरेल, एखादीचा रंग पालटेल. पन्नासाव्या बाटलीचे झाकण उघडणारा हात बहुधा दुसऱ्या कोणाचा तरी असेल. भोगाच्या वस्तूला उपभोगासारखे, टिकाऊ वस्तूसारखे, वागविले की असा पेच पडतो, आणि हौशीच्या संग्रहातील दोष शोधायचा तर तो पेनांच्या संख्येपेक्षा या न उघडलेल्या बाटल्यांत अधिक खात्रीने सापडतो. समंतभद्रांनी या व्रताचे जे अतिचार, म्हणजे व्रत न मोडताही त्याला लागणारे दोष, सांगितले आहेत त्यांत पूर्वी भोगलेल्या सुखाचे पुनःपुन्हा स्मरण आणि पुढच्या भोगाची अतितृष्णा हे दोन आहेत. परिग्रहाच्या मर्यादेच्या अतिचारांत अतिसंग्रह आहे आणि अतिविस्मय, म्हणजे दुसऱ्याचा लाभ वा वैभव पाहून अतिरेकी नवल वाटणे, हाही आहे. कोणत्याही हौशीने ही यादी एकदा एकांतात वाचून पाहावी. दुसऱ्याच्या पेनाचा फोटो पाहताना मनात काय उमटते याला आपल्याच देशातील एका आचार्याने फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे, हे त्याच्या लक्षात येईल.

हाच पेच चीनमध्ये अकराव्या शतकात सू शी या कवी-प्रशासकाला पडला होता, आणि त्याने तो स्वतःच्या अंगावर घेऊन मांडला म्हणून त्याचे मोल अधिक. चीनमधील शाई वडीच्या रूपात असे व दगडी सहाणेवर पाण्यात उगाळून वापरली जाई. सू शी तिचा मोठा षोकी होता. हाइनान बेटावर हद्दपारीत असताना एका शाईवाल्याच्या मदतीने काजळीची भट्टी लावण्याच्या खटपटीत त्याचे घर जळता जळता राहिले. आपल्याजवळ उत्तम शाईच्या सत्तर वड्या असूनही आपली हाव थांबत नाही, हा मूर्खपणा नव्हे तर काय, असे त्याने नमूद करून ठेवले आहे. दुसऱ्या एका टिपणात तो अशा एका संग्राहकाविषयी लिहितो की ज्याने दहाव्या शतकातील ली तिंगग्वेई या नामांकित कारागिराच्या शाईच्या वड्या जमविल्या आणि त्या कोणालाही उगाळू दिल्या नाहीत. तो संग्राहक आता मातीत गेला, त्याच्या थडग्यावरचे झाड वाढून चांगले जाड झाले, वड्या मात्र जशाच्या तशा आहेत. १०७७ साली वांग शन या स्नेह्याच्या चित्रसंग्रहासाठी लिहिलेल्या लेखात सू शी एक तात्त्विक भेद करतो: मनाने वस्तूमध्ये काही काळ मुक्काम करावा, पण वस्तूमध्ये अडकून पडू नये. मुक्काम केला तर क्षुद्र वस्तूही सुख देते आणि असामान्य वस्तूही रोग जडवीत नाही. अडकला तर याच्या उलट घडते. उमास्वातींच्या मूर्च्छेशी या भेदाचे नाते उघड आहे. फरक एवढाच की जैन आचार्यांची दृष्टी वस्तूपासून सुटण्याकडे आहे, तर सू शीला वस्तूचे सुख हवे आहे आणि त्यासाठीच सुटणे हवे आहे. हौशी मनुष्याला पेलण्याजोगी भूमिका बहुधा सू शीचीच असावी.

आधुनिक भारतात हा प्रश्न स्वदेशीच्या रूपाने पुन्हा समोर आला, आणि तेथे त्याला सामाजिक परिमाण मिळाले. वर्ध्याला १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्या काळात गांधीजींनी बोरू, गावात तयार होणारी शाई आणि हातकागद यांचा पुरस्कार केला. लिहिण्याच्या सामग्रीतही शेजाऱ्याच्या श्रमाला प्राधान्य असावे हा त्यामागील धर्मविचार होता. राजमहेंद्री येथे १९३२ पासून रत्नम यांच्या कारखान्यात एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराची, पेने लेथवर कातली जात असत; त्यांतील एक पेन मिळाल्यावर गांधीजींनी १९३५ च्या जुलैत पत्र पाठवून ते विदेशी पेनांना चांगला पर्याय ठरेल असा अभिप्राय दिला. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली हॉर्स ब्रँड नावाने शाईची पूड व गोळ्या करण्यास आरंभ केला, आणि त्यातून पुढे कॅम्लिन हा व्यवसाय उभा राहिला, ज्याच्या शाईने महाराष्ट्रातील शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांची बोटे निळी केली. या सर्व उपक्रमांत पेन व शाई यांचा आनंद नाकारलेला नाही. त्याला उत्पादकाच्या हाताशी जोडले आहे. याच्या अगदी उलट टोकाला २००९ सालची घटना आहे. त्या वर्षी माँब्लाँ या कंपनीने गांधीजींच्या नावाने सोन्याची २४१ पेने काढली, दांडीयात्रेच्या २४१ मैलांवरून हा आकडा घेतला, पेनावर सुताच्या आठवणीसाठी सोन्याची तार गुंडाळली आणि एकेकाची किंमत दहा लाख रुपयांहून अधिक ठेवली. केरळ उच्च न्यायालयात तक्रार गेल्यावर भारतातील विक्री थांबविण्यात आली. या प्रकरणी लोकांना राग आला तो किमतीमुळे, असे सामान्यतः मानले जाते. पण तात्त्विक दृष्ट्या अधिक गंभीर गोष्ट ही की अपरिग्रहाचे प्रतीकच परिग्रहाची वस्तू बनविण्यात आले होते, आणि असे पेन विकत घेणारा मनुष्य त्या पेनाने पत्र लिहील ही शक्यता जवळजवळ नव्हती. सूत कातणाऱ्याची तार तिजोरीत गेली.

एक आक्षेप अद्याप उरतो, आणि तो शाई खर्च व्हावी या आतापर्यंतच्या भूमिकेवरच आहे. हौशी मनुष्य शाई खर्च करतो हे खरे, पण तो लिहितो काय? बहुतेक वेळा निबच्या चाचणीच्या रेघा, स्वतःची सही, तारीख, एखादे ठरलेले वाक्य, वेलांट्या आणि वर्तुळे. ज्यात सांगण्यासारखे काही नाही व ज्याला वाचक नाही, ते लेखन कसले? हा आक्षेप वाटतो तितका निर्णायक नाही, कारण आशय पोहोचविण्यासाठी नसलेले लेखन धर्मजीवनात मान्य आहे. लिखित जप, म्हणजे देवाचे नाव वहीत लक्षावधी वेळा लिहिणे, ही महाराष्ट्रात व इतरत्र रूढ असलेली साधना आहे. त्या वह्या कोणी वाचीत नाही, वाचण्यासाठी त्या लिहिलेल्याही नसतात. मात्र दोहोंतील अंतर डोळ्यांआड करून चालणार नाही. जपाच्या वहीत निवडीला वाव ठेवलेला नसतो. नाम ठरलेले, संख्या ठरलेली, अनेक ठिकाणी शाईचा तांबडा रंगही ठरलेला, आणि या ठरलेपणातच लिहिणाऱ्याचा मीपणा झिजावा अशी अपेक्षा असते. हौशीच्या कागदावर निवड हेच सर्वस्व असते, आणि प्रत्येक निवडीबरोबर निवडणारा थोडा अधिक ठळक होतो.

तरीही या कागदांपैकी एका प्रकाराकडे नीट पाहण्यासारखे आहे. नवी शाई आली की हौशी मंडळी एका छोट्या जाड कागदावर तिचा पट्टा ओढतात आणि खाली त्याच शाईने तिचे नाव लिहितात. येथे नाव आणि ज्याचे ते नाव आहे ते द्रव्य ही एकाच रेघेत असतात. शब्द ज्या वस्तूकडे बोट दाखवितो तिनेच तो बनलेला असतो. भक्तिशास्त्रात नाम आणि नामी यांचा अभेद, म्हणजे नाव आणि नावाने ओळखला जाणारा देव यांत फरक नाही हा सिद्धांत, जपाचा पाया मानला जातो, आणि तो सिद्ध करण्यासाठी भक्ताला आयुष्य घालवावे लागते. शाईच्या पट्ट्याखालचा अभेद फुकटचा आहे, त्यात कोणाचे काही झिजत नाही, आणि या साम्यावरून त्या कागदाला पावित्र्य बहाल करणे हास्यास्पद ठरेल. पण त्या एका ओळीपुरती शाई खर्च झालेली असते व तिचा रंग प्रथमच अस्तित्वात आलेला असतो, एवढे श्रेय त्याला देण्यास समंतभद्रांचीही हरकत नसावी. अतिचारांचा हिशेब सुरू होतो तो ओळ लिहून झाल्यावर बाटलीचे झाकण लावून ती मागच्या रांगेत सरकविली जाते तेव्हा.